स्टायपेंड अर्धा झाला, मुलाने सीए सोडावं का?

ऑक्टोबर 2020 चा शेवट आहे, कोरोना चालू आहे. बार्शीहून एका आईचं पत्र आलं आहे. त्या अंगणवाडी सेविका आहेत. पत्र चार पानी आहे, त्यातलं मुद्द्याचं तेवढं देते.

"मॅडम, माझा मुलगा पुण्यात एका सीए फर्ममध्ये आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीचं तीन वर्षांचं शिकाऊ काम, करतो. मार्च 2019 ला लागला. सीए इंटर परीक्षेचा पहिला ग्रुप निघालाय, दुसरा राहिलाय. जनता कर्फ्यूच्या दोन दिवस आधी घरी आला, तो आजपर्यंत घरीच लॅपटॉपवर काम करतोय. स्टायपेंड सहा हजार होता, एप्रिलपासून तीन केला. ऑफिसातली दोन पगारी माणसं काढून टाकली, त्यांचं कामही याच्याकडंच आलंय. मेची परीक्षा पुढं ढकलत ढकलत रद्दच केली, आता नोव्हेंबरला आहे. आणि फर्मचे सर म्हणतात दिवाळी झाली की पुण्याला या. रात्री दोन-दोनपर्यंत याच्या खोलीतला दिवा चालू. परवा म्हणाला, आई, मी मोबाईलवर गोदाम मोजलं, हे काय ऑडिट आहे का? मार्केट यार्डात ओळखीचे आडते आहेत, हिशेब लिहायला बारा हजार देतो म्हणतात, जाऊ का असं विचारतोय. भाचा म्हणतो, आता इन्कम टॅक्सचं सगळं फेसलेस, अधिकाऱ्याला न भेटता ऑनलाइन झालं, सीएला कोण विचारणार. पुण्यातल्या कॉटचं तीन हजार भाडं बंद खोलीला भरतोय ते वेगळंच. काय करू?"

ताई, नमस्कार.

तुम्ही 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या सर्वेक्षणात घरोघर फिरून आल्यावर रात्री हे पत्र लिहिलंत, हे तुमच्या अक्षरावरून कळतं. शेवटच्या पानावर ओळी उतरत गेल्या आहेत. म्हणून आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. आर्टिकलशिप सोडू नये. परीक्षा द्यावी. परीक्षा होईपर्यंत पुण्याला जाऊ नये, आणि हे फर्मला लेखी कळवावं. आडत्यांना नम्रपणे नाही म्हणावं.

आता कारणं. तुम्हाला भीती आहे ती या धंद्यातलं काम संपतंय याची. काम संपलेलं नाही, उलट वाढलंय. अडकली आहे ती फी. पुण्यातल्या मध्यम फर्मचे अशील कोण असतात? मंगल कार्यालयवाले, हॉटेलवाले, क्लासवाले, टूरवाले, छोटे कारखानदार. ज्याच्या कार्यालयात अख्ख्या लग्नसराईत पन्नास माणसांच्या वर पंगत बसली नाही, तो गेल्या वर्षीच्या ऑडिटची फी कुठून देणार? आणि सीए फर्मचा खर्च म्हणजे जवळजवळ सगळा पगारच. वसुली थांबली की पहिली कात्री तिथेच लागते. मी या व्यवसायात एकोणीस वर्षं काढली आहेत. माझ्याही कपाटात न आलेल्या फीच्या बिलांची एक जाड फाईल होती. त्यामुळे तुमच्या मुलाच्या सरांची अडचण मला समजते. दोन माणसं काढून त्यांचा बोजा तीन हजारांच्या मुलावर टाकणं मात्र मला पटलेलं नाही. आर्टिकल म्हणजे स्वस्तातला कारकून, अशी समजूत आमच्यातल्या बऱ्याच जणांची आहे आणि ती कोरोनाच्या आधीपासूनची आहे.

काम वाढलं म्हणजे काय, तेही सांगते. व्यावसायिक फीवर 10 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच वळता करायचा कर, कापायचा, तो 14 मे 2020 पासून 7.5 टक्के झाला. म्हणजे एकाच वर्षाच्या एकाच खात्यात दोन दर, आणि प्रत्येक बिलाची तारीख बघणं आलं. उद्योगांच्या आणीबाणीच्या कर्जासाठी बँकांना 29 फेब्रुवारीच्या कर्जबाकीवर आधारलेले कागद हवेत. 1 जुलैपासून छोट्या उद्योगांची नवी उद्यम नोंदणी आली. कर्जाचे हप्ते पुढे ढकलायची सवलत ऑगस्टअखेर संपली, त्या व्याजाच्या नोंदी आहेत. प्रत्येक ठिकाणी अशील सीएलाच फोन करतो आणि सीए आर्टिकलला.

भाचा म्हणतो ते फेसलेसचं. 13 ऑगस्टला पंतप्रधानांनी ती पद्धत जाहीर केली, हे खरं. पण त्यात अधिकाऱ्याचा चेहरा गेला आहे, नोटीस गेलेली नाही. पूर्वी वकील किंवा सीए समोर बसून चार गोष्टी तोंडी समजावायचा. आता जे लिहून अपलोड कराल तेवढंच तुमचं म्हणणं. ज्याला नेमकं लिहिता येतं त्याची किंमत यातून वाढते. मुलाला म्हणावं, नोटिशींच्या उत्तरांचा पहिला मसुदा करायला मागून घे, सरांनी तो लाल करून परत पाठवला तरी चालेल.

नोकरीचं खोटं आश्वासन मी देत नाही. यंदा पास होणाऱ्यांना पगार कमी मिळतील, काहींना थांबावंही लागेल. पण तुमचा मुलगा यंदा बाजारात उतरत नाहीये. त्याचे वीस महिने झालेत, सोळा राहिलेत, म्हणजे फेब्रुवारी 2022. त्यानंतर फायनल. आजच्या बाजारभावावर दोन वर्षांनंतरच्या पिकाचा निर्णय करू नका.

आडत दुकानाची नोकरी वाईट नाही. बार्शीच्या यार्डातला जुना मुनीम चार पदवीधरांना हिशेब शिकवेल. पण पहिलं वर्ष उलटल्यावर आर्टिकलशिप मोडायची किंवा बदलायची तर सीएंच्या संस्थेने (आयसीएआय) ठरवलेल्या मोजक्या कारणांवरच ते जमतं, आणि एकदा रागात आर्टिकलशिप मोडण्याच्या फॉर्म 109 वर सही झाली की परत येण्याची वाट लांबची असते. बारा हजारांची नोकरी सोळा महिन्यांनीही मिळेल.

स्टायपेंडबद्दल: त्याची किमान रक्कम संस्थेच्या नियमांत शहराची लोकसंख्या आणि प्रशिक्षणाचं वर्ष यांवरून ठरलेली असते. त्याखाली फर्मला जाता येत नाही. त्यावरचं जे काही, ती फर्मची खुशी. ती किमान रक्कम इतकी बारीक आहे की तुमच्या मुलाला मिळणारे तीन हजारही बहुधा नियमात बसतील. म्हणून त्यावर भांडण काढू नका.

भांडायचंच असेल तर दुसऱ्या गोष्टीसाठी भांडावं. ती तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेली आहे: "मी मोबाईलवर गोदाम मोजलं."

मी आर्टिकल होते तेव्हाची गोष्ट. एका डाळ मिलने गोदामातला माल बँकेकडे तारण ठेवला होता आणि त्याचं स्टॉक ऑडिट आमच्याकडे होतं. मला बरोबर नेलं ते ऑफिसातल्या एका सिनिअर दादांनी. तूरडाळीची थप्पी होती. मी लांबीची बारा पोती मोजली, रुंदीची आठ, उंचीची पंधरा. गुणाकार केला, एक हजार चारशे चाळीस. रजिस्टरमध्ये तंतोतंत तोच आकडा. मी खूश होऊन टिक केली. दादा माझ्या कागदाकडे बघतच नव्हते. ते दाराशी बसलेल्या हमालांकडे बघत होते. मी आकडा मोठ्याने वाचला तेव्हा त्यातल्या दोघांनी एकमेकांकडे बघून मान खाली घातली होती म्हणे, मला काही ते दिसलं नाही. दादांनी शिडी मागवली. "मॅडम वर चढतील," म्हणाले. मी पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून चढले. मधे वरच्या थरावर फळ्या टाकून त्यांवर रिकामी बारदानं अंथरली होती. फळी सरकवली तर खाली विहिरीसारखा अंधार. सहा बाय चारची पोकळी, वरपासून खालपर्यंत. तीनशे साठ पोती नव्हतीच.

हे मोबाईलवर कसं दिसणार? गोदामाचा माणूस फोन धरून चालतो, थप्पीच्या चार बाजू दाखवतो, हमाल कॅमेऱ्याच्या मागे असतात. यंदा 31 मार्चला देश बंद होता, त्यामुळे ऑडिटरांना दुसरा इलाज नव्हता. कुणी व्हिडिओवर बघितलं, कुणी जून-जुलैत मोजून मधली खरेदी वजा करून विक्री मिळवून मार्चच्या आकड्यापर्यंत मागे गेलं. त्यात चूक काही नाही. पण ज्याने एकदा तरी शिडी चढली आहे, त्याला व्हिडिओवरही "जरा वर चढून मधला भाग दाखवा" म्हणायचं सुचतं. तुमच्या मुलाला "हे काय ऑडिट आहे का" असा प्रश्न पडला, म्हणजे त्याला काहीतरी कळलंय. पोरगा रडगाणं गातोय असं समजू नका. सगळ्या पत्रात मला सर्वांत आशादायक वाटलेलं वाक्य तेच आहे.

तेव्हा त्याचं नुकसान होतंय ते दरमहा तीन हजारांचं नाही. सिनिअरच्या शेजारी बसून जे कानावर पडतं, अशीलाच्या ऑफिसात चहा येईपर्यंतच्या दहा मिनिटांत जे दिसतं, ते सात महिने बंद आहे. त्याने सरांकडे हे मागावं: आठवड्यातून दोनदा अर्धा तास स्क्रीन शेअर करून सिनिअरने त्याचे वर्किंग पेपर, म्हणजे ऑडिट करताना केलेल्या नोंदी, तपासाव्यात. आणि फर्मचा सोलापूर-बार्शी-कुर्डुवाडी पट्ट्यात एखादा अशील असेल, तर परीक्षेनंतर त्याच्या गोदामाला त्याला प्रत्यक्ष पाठवावं, जाण्यायेण्याचा खर्चही कमी. पैसे वाढवून मागण्यापेक्षा ही मागणी सरांना नाकारायला अवघड जाईल.

आता परीक्षा. इथे यंदा एक विचित्र कोंडी झाली आहे. एरवी टॅक्स ऑडिटची, म्हणजे प्राप्तिकरासाठी होणाऱ्या हिशेब तपासणीची, मुदत 30 सप्टेंबर. ती संपली की मुलं रजा टाकतात आणि नोव्हेंबरचा अभ्यास करतात, हे वर्षानुवर्षांचं गणित. यंदा ती मुदत आधी 31 ऑक्टोबर झाली, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी, 24 ऑक्टोबरला, 31 डिसेंबर झाली. व्यापाऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण परीक्षा 21 नोव्हेंबर ते 14 डिसेंबर. म्हणजे सीझन आणि परीक्षा एकमेकांच्या उरावर. मुदत वाढली की काम कमी होत नाही, ते फक्त लांबतं. सगळे अशील "आता काय, डिसेंबर आहे" म्हणून कागद द्यायचे थांबतात आणि शेवटच्या आठवड्यात पोतंभर घेऊन येतात. रात्री दोनचा दिवा त्याचाच आहे.

2020 च्या नियमाप्रमाणे तीन वर्षांच्या आर्टिकलशिपमध्ये एकूण 156 दिवस रजा मिळते. त्याने आतापर्यंत किती घेतली ते हजेरीत बघून घ्यावं, आणि आजच मेल टाकावा. तोंडी नको, व्हॉट्सॲपवरही नको. असा काहीसा:

"सर, माझी इंटर ग्रुप दोनची परीक्षा या सत्रात आहे. 5 नोव्हेंबरपासून माझा शेवटचा पेपर होईपर्यंत रजा मंजूर करावी ही विनंती. माझ्याकडच्या चार टॅक्स ऑडिटपैकी दोघांचं व्हाऊचिंग (बिलं-पावत्यांची तपासणी) 4 तारखेपर्यंत पूर्ण करून फोल्डरमध्ये ठेवतो. उरलेली दोन परीक्षेनंतर मुदतीआधी करतो. शेवटच्या पेपरनंतर तीन दिवसांत पुण्याला हजर होईन."

ऑडिटचा आकडा त्याचा जो असेल तो घालावा. या मेलमध्ये रजेची विनंती आहे, कामाचा हिशेब आहे आणि ऑफिसला यायची तारीखही आहे. असा मेल आला तर शंभरातले ऐंशी सर "ओके" लिहितात. मी लिहिलं असतं. उरलेले फोन करून कुरकुर करतात. तेव्हा मुलाने आवाज न चढवता हीच वाक्यं परत म्हणावीत. ग्रुप दोनमध्ये ऑडिटिंगचा पेपर आहे, त्याला सध्याचं काम उपयोगीच पडेल. बाकी तीन पेपरांना मात्र जागं राहून नव्हे, झोपून उठून बसावं लागतं. परीक्षा केंद्र त्याने सोलापूर घेतलंय असं तुम्ही लिहिलंत, ते उत्तम.

परीक्षेनंतर पुण्याला जाताना फर्ममध्ये माणसं एक दिवसाआड बोलावतात का, खिडक्या उघड्या असतात की एसी लावून कोंडून बसतात, एवढं आधी विचारून घ्यावं. ते तुम्हाला मी काय सांगणार, रोज ऑक्सिमीटर घेऊन तुम्हीच फिरता.

राहिली कॉट. ती याच आठवड्यात सोडा. एप्रिल ते ऑक्टोबर सात महिन्यांचे एकवीस हजार तुम्ही कुलपाला भरलेत, आणि स्टायपेंडची कपातही बरोबर तेवढीच आहे. मालकाला फोन करून सांगा की डिपॉझिटमधून चालू महिना वळता करा. गादी आणि पुस्तकांची पेटी मित्राकडे ठेवता येत असेल तर ठेवा, नाहीतर एसटी पार्सलने मागवा. डिसेंबरात पुन्हा खोली बघायची वेळ येईल तेव्हा त्याला तीच कॉट याहून कमी भाड्याला मिळायची शक्यता बरीच आहे, कारण सदाशिव पेठेतल्या बऱ्याच खोल्यांना सध्या कुलूपच आहे.