फॅशन मॅनेजमेंट आणि इंटर्नशिप: ब्रँडचं नाव नंतर, आधी टेबल (म्हणजे विभाग) कुठलं ते विचार

तुझ्या एका प्रश्नात चार प्रश्न दडलेत. बी.कॉम.नंतर फॅशन मॅनेजमेंट करावं का, चित्रकलेत शून्य असताना ते जमेल का, सांगलीत बसून या धंद्यात कुणाची ओळख नसताना इंटर्नशिप कशी मिळणार, आणि त्यापेक्षा चुलतभावासारखं इंग्लंडला गेलं तर काय. मी मुंबईत कपड्यांच्या रिटेलमध्ये बाइंग (दुकानांसाठी माल निवडून घेणं) आणि प्लॅनिंग (कुठला माल किती लागेल याचा हिशेब) दोन्ही केलंय, उन्हाळ्यात येणारी इंटर्न मुलं-मुली सांभाळलीत, त्यामुळे थोडं लांबण लागेल. आणि सरळ अगं-तुगं करतेय, चालवून घे.

चित्रकलेचं आधी संपवू. निफ्टच्या (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजीच्या) मास्टर ऑफ फॅशन मॅनेजमेंटला, म्हणजे एमएफएमला, कुठल्याही शाखेची पदवी चालते आणि प्रवेश परीक्षेत चित्र काढायचा पेपरच नसतो. तो बी.डेस.वाल्यांच्या, म्हणजे डिझाइनची पदवी करणाऱ्यांच्या वाट्याला. तुला गणित, इंग्रजी, तर्क, चालू घडामोडी आणि केस स्टडी, एवढंच. फॉर्म हिवाळ्यात निघतात, लेखी परीक्षा साधारण फेब्रुवारीत, नंतर मुलाखत. कोर्स दोन वर्षांचा. मुंबईचं कॅम्पस खारघरला आहे. निफ्ट वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे आणि २००६च्या कायद्याने तिला स्वतःची पदवी देता येते, त्यामुळे कागदाची काळजी नाही.

खासगी संस्थांत मात्र ही काळजी करायची. काही चांगल्या आहेत, काहींची फक्त इमारत चांगली आहे. समुपदेशक बाई फोनवर कितीही गोड बोलल्या तरी दोनच गोष्टी विचार. पदवी नेमकं कुठलं विद्यापीठ देतं? आणि गेल्या वर्षीच्या बॅचने इंटर्नशिप कुठल्या कंपनीत, कुठल्या विभागात केली? ‘आमचा मोठमोठ्या ब्रँड्सशी टायअप आहे’ हे उत्तर नव्हे. मागच्या बॅचच्या दोघा-तिघांचे नंबर माग. द्यायला कां-कूं केली की समजून जा.

विभागावर मी एवढी अडून बसतेय, कारण सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे. बायोडाटावर मोठ्या ब्रँडचं नाव आणि काम काय, तर फोटोशूटसाठी कपड्यांच्या पिशव्या इकडून तिकडे नेल्या, इन्फ्लुएन्सरना पार्सलं पाठवली. असे बायोडाटे ढिगाने येतात. त्याउलट कुणीही नाव न ऐकलेल्या एखाद्या निर्यातदाराकडे मर्चंडायझरच्या (ऑर्डर वेळेत पुरी करून घेणाऱ्याच्या) शेजारी बसून टी अँड ए सांभाळलेली मुलगी मुलाखतीत पाच मिनिटांत कळते. टी अँड ए म्हणजे ऑर्डरचं वेळापत्रक: लॅब डिप (रंग बघायला रंगवलेला कापडाचा तुकडा) कधी मंजूर होणार, कापड कधी आत येणार, पीपी सॅम्पल (उत्पादनाआधीचा पक्का नमुना) कधी, कटिंग कधी, माल बोटीवर कधी. लॅब डिप एक आठवडा लटकली की पुढचं सगळं घसरतं, आणि शेवटी माल बोटीऐवजी विमानाने पाठवायची वेळ आली तर तो खर्च कुणाच्या गळ्यात पडणार यावर ईमेलींचं महाभारत होतं. ते जिने जवळून पाहिलंय तिला धंदा कळायला लागलेला असतो.

आणि हा धंदा आकड्यांचा आहे. बी.कॉम. म्हणून तू उगाच कमीपणा घेतेयस. एक ताजं उदाहरण देते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वर १८ टक्के. ही अडीच हजाराची रेघ कर धरण्याआधीच्या किमतीवर आहे. आता एक कुर्ता २,५९९ला विकला, तर ५ टक्के कर वजा जाता उरतात साधारण २,४७५. तोच कुर्ता २,९९९ला विकला तर तो १८ टक्क्यांत जातो, आणि कर वजा जाता उरतात २,५४१ आणि काही पैसे. म्हणजे गिऱ्हाइकाने ४०० रुपये जास्त मोजले आणि दुकानाच्या हातात त्यातले जेमतेम ६६ आले. मग बायर काय करते? कापड थोडं हलकं घेऊन कुर्ता रेघेच्या आत बसवते, नाहीतर भरतकाम वाढवून सरळ साडेतीन हजारांच्या पुढे नेते. रॅकवर जे ‘डिझाइन’ दिसतं त्यातलं बरंचसं असं एक्सेलमध्ये ठरलेलं असतं. हे वाचताना तुला मजा आली असेल तर ये या लाइनीत. कंटाळा आला असेल तर तुला कपडे घालायला आवडतात, विकायला नाही, आणि त्यात काही वाईट नाही.

इंटर्नशिपकडे वळते. एमएफएममध्ये पहिलं वर्ष संपल्यावर उन्हाळ्यात इंटर्नशिप असते आणि शेवटच्या सेमिस्टरला उद्योगातला मोठा प्रोजेक्ट. कॉलेज कंपन्यांना बोलावतं, पण मनासारखं टेबल मिळायचं तर स्वतः हातपाय हलवावे लागतात. कुठे काय आहे ते आधी समजून घे. ट्रेंट (वेस्टसाइड आणि झुडिओ यांचंच), शॉपर्स स्टॉप यांची मुख्य ऑफिसं मुंबईकडे, म्हणजे बाइंग, प्लॅनिंग, अॅलोकेशन (कुठल्या दुकानात किती माल पाठवायचा ते) इथे. मिंत्रा बेंगळुरूला. परदेशी ब्रँडसाठी माल बनवून घेणारी बाइंग हाउसेस मुख्यतः गुरुग्राम-नोएडाकडे. होजिअरी, टी-शर्ट म्हटलं की तिरुप्पूर.

पण तू आत्ताच सुरू करू शकतेस, आणि तेही घराजवळ. इचलकरंजी तुझ्यापासून किती लांब आहे? तिथे माग आहेत, प्रोसेस हाउसेस (कापड रंगवणारे कारखाने) आहेत, डीकेटीईसारखी टेक्स्टाइलची संस्था आहे. थोडं लांब जायची तयारी असेल तर सोलापुरात युनिफॉर्म शिवणारे कारखाने आहेत. सुट्टीत महिनाभर अशा एखाद्या युनिटमध्ये काढ, पगार मागू नकोस. मुंबईच्या मुलीला हे करायचं तर खोली भाड्याने घेऊन राहावं लागतं. तिथे काय शिकायचं? साधं उदाहरण: कापडाचा जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. गोल कटर असतो, तो कापडावर दाबून फिरवला की १०० चौरस सेंटिमीटरची चकती निघते. ती बारीक काट्यावर ठेवायची, आकडा १.८ ग्रॅम आला तर गुणिले १०० म्हणजे १८० जीएसएम. ऑर्डर १८०ची होती आणि चकती १.६५ दाखवतेय? म्हणजे कापड १६५चं आलंय, आणि पुरवठादार ‘मॅडम, हवेत ओलावा नाही ना, म्हणून’ असं काहीतरी सांगणार. कपडा बनवायच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा कापडाचाच असतो, त्यामुळे भाव करायला बसलेल्या माणसाने ही चकती आयुष्यात एकदा तरी स्वतः कापलेली असावी.

दुसरी जागा म्हणजे दुकान. हे ऐकून मुलांची तोंडं पडतात. ‘मास्टर्स करून काय सेल्समन व्हायचं?’ आमच्याकडे आलेल्या एका इंटर्नला मी पहिले काही दिवस एका स्टोअरवर पाठवलं होतं. तिथल्या एका कुर्त्याचा रिपोर्ट सांगत होता की मीडियम आणि लार्ज संपलेत, एक्सएलची विक्री शून्य. ऑफिसात बसलेल्या कुणीही यावरून हेच म्हटलं असतं की या भागात एक्सएल चालत नाही, पुढच्या ऑर्डरमध्ये कमी करा. ती पोरगी स्टॉकरूममध्ये गेली तर एक्सएलचं खोकं अख्खं सीलबंद, हँगरच्या पेट्यांखाली दाबलेलं. तिथला मुलगा म्हणाला, ‘मॅडम, ते बाहेर काढलंच नाही.’ एक्सएल मागायला आलेल्या बायका लार्ज अंगाला लावून बघून परत जात होत्या. आमच्या रिपोर्टात न विकलेला माल दिसतो, न दाखवलेला माल दिसत नाही. तिने हे एका पानात लिहिलं, आकड्यांसकट, आणि त्या एका पानावर तिला पुढे प्लॅनिंगमध्ये बोलावणं आलं.

तर तुझ्याकडे ओळख नाही याचा बाऊ करू नकोस. ओळखीने मुलाखत मिळते, पुढचं आपलं आपल्याला. आणि मुलाखत ओळखीशिवायही मिळते, जर ईमेलमध्ये ‘मला फॅशनची पॅशन आहे’ याऐवजी काही निरीक्षण असेल. सांगली, मिरज, कोल्हापूर इथली एकाच साखळीची दोन-तीन दुकानं बघ. एकच कॅटेगरी धर, समजा बायकांचे कुर्ते. किमती कुठल्या टप्प्यांत आहेत, प्रत्येक टप्प्यात किती पर्याय, कुठले साइज नाहीत, प्रवेशाजवळ काय टांगलंय, शेजारच्या दुकानात तेच किती रुपयांना. दर पंधरवड्याला परत जा आणि काय हललं ते लिही. सीझनच्या शेवटचा सेल जानेवारीच्या आणि जुलैच्या आसपास लागतो, तेव्हा काय ५० टक्क्यांवर आलं तेही टिप. फोटो काढण्याआधी मॅनेजरला विचार, नाहीतर सिक्युरिटीवाला बाहेर काढेल. हे दोन पानांत नीट मांडून लिंक्डइनवर कॅटेगरी मॅनेजरना पाठव, एचआरला नव्हे. वीस जणांतले दोघं उत्तर देतील, तेवढे पुरेत. आणि मुलाखतीत ‘आमच्या दुकानात शेवटचं कधी गेला होतात, काय खटकलं?’ हा प्रश्न मी तरी नेहमी विचारते. स्तुती करणाऱ्यांपुढे मी मनात फुली मारते.

एक्सेल पक्कं कर. पिव्हट टेबल आणि लुकअप झोपेत जमले पाहिजेत. सेल-थ्रू म्हणजे काय (६०० नग पाठवले, चार आठवड्यांत २४० गेले, तर ४० टक्के), ओपन-टू-बाय, म्हणजे अजून किती माल घेता येईल ते, कसं काढतात (ठरवलेली विक्री, अधिक सवलतीत जाणारं, अधिक शेवटी हवा असलेला साठा, वजा हातातला साठा, वजा आधीच दिलेल्या ऑर्डरी), एवढं तोंडी सांगता आलं तरी तू निम्म्या उमेदवारांच्या पुढे असशील.

पैशांचं. स्टायपेंड बहुतेक ठिकाणी मुंबईच्या खोलीभाड्याला पुरत नाही, काही ठिकाणी शून्य. पत्रात कामाचं स्वरूप, कालावधी आणि रक्कम लिहून घे. फुकट राबवून घेणारे ‘एक्स्पोजर’ हा शब्द फार वापरतात. आणि एक गोष्ट आईला सांगून ठेव: कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा इंटर्नलाही लागू आहे, पगारी असो वा बिनपगारी. अशा तक्रारी ऐकणारी कंपनीची अंतर्गत समिती कोण, हे पहिल्याच दिवशी विचारायला लाजू नकोस.

इंग्लंडबद्दल थोडक्यात. तिथल्या पदवी अभ्यासक्रमांत मधलं एक वर्ष पूर्ण पगारी नोकरीचं असायची पद्धत छान आहे, आणि ते कोर्सचाच भाग असेल तर विद्यार्थी व्हिसावर चालतं. पण ती जागा विद्यापीठ हातात देत नाही, आपणच शोधायची असते. तू जाणार एका वर्षाच्या मास्टर्सला, त्यात असं वर्ष बहुधा नसतंच. शिवाय १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना मास्टर्सनंतर मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांऐवजी दीड वर्षाचा असेल. कर्ज काढून जाणार असशील तर माझं मत नको असं आहे. आधी इथे दोन-तीन वर्षं नोकरी कर, मग बघ.

एमबीए की एमएफएम? चांगल्या, खरोखर चांगल्या संस्थेत एमबीए मिळत असेल तर ते घे, रिटेल कंपन्या तिथूनही मुलं उचलतात. गल्लीतल्या एमबीएपेक्षा मात्र एमएफएम केव्हाही बरं.

आणि जाता जाता विचारलेला तो प्रश्न, लॅपटॉप कुठला घ्यावा. विंडोजचाच घे, न्यूमरिक कीपॅडवाला. मॅक इथे डिझाइनर वापरतात, तुला दिवसभर एक्सेल चालवायचंय.