मुलगा दुसरीत आहे, तोंडी बेरीज बरोबर करतो, पण त्रेसष्ट सांगितलं की 36 लिहितो, गणितात कच्चा आहे का?

कच्चा बिच्चा काही नाही हो. तोंडी बेरीज बरोबर करतो म्हणताय ना, मग झालं तर. त्रेसष्ट म्हणताना आपण आधी तीन बोलतो नि मग साठ, दुसरीतलं पोर ऐकेल तसं लिहितं, आधी 3 मग 6.

मी घरी शिकवण्या घेते, दरवर्षी अशी दोनतीन पोरं असतातच. एकीला एकोणसाठ लिही म्हटलं तर तिने 61 लिहिलं, मी ओरडणार तेवढ्यात म्हणते "एक आणि साठ, लिहिलं की!" आता काय बोलणार, एकोण म्हणजे एक उणा हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, मीपण नाही.

2019 ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टसोबत साठ तीन असंही वाचायला दिलं होतं आठवतंय? मंगला नारळीकर गणिताच्या समितीवर होत्या, त्यांचं म्हणणं हेच की जोडाक्षरं आणि उलटा क्रम दोन्ही एकदम पोरांना जड जातं, कन्नड तेलुगूत दशक आधीच बोलतात. पण व्हॉट्सअ‍ॅपवर काय टिंगल झाली, विधानसभेपर्यंत गेलं प्रकरण. मीपण तेव्हा जोक फॉरवर्ड केलेत, खोटं कशाला बोलू. आणि आपण मोठी माणसं फोन नंबर सांगताना करतो काय, नाइन एट टू!

तर घरी हे करा. जुन्या लग्नपत्रिका कापून 10, 20, 30 ते 90 ची लांब कार्डं करा आणि 1 ते 9 ची अर्धी कार्डं. साठ तीन म्हणत 60 चं कार्ड ठेवायचं, त्यातल्या शून्यावर 3 चं कार्ड ठेवायचं, झाले 63, आणि मग सांगायचं की यालाच त्रेसष्ट म्हणतात. त्रेसष्ट सोडायचं नाही, भाजीवाली काय साठ तीन रुपये म्हणणार नाही. एकोणवाले शेवटी घ्या, तेच सगळ्यात छळतात.

त्याआधी एकदा सिक्स्टी थ्री म्हणून लिहायला सांगा. 63 लिहिलं तर घोळ नुसता नावाचा आहे. तिथेही सारखं उलटंच येत असेल तर मात्र त्याच्या बाईंशी बोला, ओरडू नका तेवढं.