पियानोवादकांचं साइट-रीडिंग सुधारेल असा ॲपचा प्रोजेक्ट करायचा आहे, एकेक नोट दाखवून ती वाजवायला लावणारा. सुरुवात कुठून करू?

स्टाफवर (संगीत लिहायच्या पाच रेषांवर) एक नोट दाखवायची आणि बरोबर पट्टी दाबली की पुढची दाखवायची, ही तुमची कल्पना नवशिक्याला रेषा-घरं पाठ करायला बरी आहे. पण तिने साइट-रीडिंग सुधारणार नाही. न पाहिलेली रचना लय न तोडता वाजवणं, हे खरं कौशल्य. तुमच्या ॲपमध्ये वादक अडला की ॲपही त्याच्यासाठी थांबून राहतं, म्हणजे थांबायचीच सवय लागते.

माझ्या मते सगळा भर एकाच गोष्टीवर द्या: डोळा हाताच्या पुढे नेणं. संगीत-मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी १९७४ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केला होता. वाजवणं चालू असताना पान अचानक दिसेनासं केलं, तर चांगले वाचक पुढच्या सातेक नोट्स वाजवू शकत. कच्चे वाचक तीन-चारमध्येच अडत. हेच ॲपमध्ये आणा. मेट्रोनोम चालू ठेवा आणि वाजत असलेली मात्रा पडद्यावरून पुसून टाका. जमू लागलं की अख्खा बार (ठरावीक मात्रांचा एक खंड) पुसा. चूक झाली तरी कर्सर पुढे गेलाच पाहिजे, आणि चुकलेली नोट तिथल्या तिथे लाल करू नका, नाहीतर नजर मागे वळते. चुका शेवटी दाखवा. सुरू करण्याआधी अर्धा मिनिट नुसतं पाहायला द्या, एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत-परीक्षा मंडळाच्या परीक्षेत देतात तसं.

तांत्रिक बाजू त्यामानाने सोपी आहे. मिडी कीबोर्ड (कोणती पट्टी दाबली ते संगणकाला कळवणारा) असेल तर तो ब्राउझरला जोडणारं वेब मिडी क्रोममध्ये चालतं, आणि म्युझिकएक्सएमएल, म्हणजे लिखित संगीताची फाइल, पडद्यावर मांडायला ओपनशीटम्युझिकडिस्प्ले ही लायब्ररी आहे. मिडीत प्रत्येक पट्टीला क्रमांक असतो: मधला सी म्हणजे ६०, ८८ पट्ट्यांचा पियानो २१ ते १०८. त्याच्या लगतच्या सी शार्प आणि डी फ्लॅट दोन्हींचा क्रमांक ६१च, म्हणून तुलना क्रमांकाशी करा. काही कीबोर्ड पट्टी सोडल्यावर शून्य व्हेलॉसिटीचा (दाबाच्या जोराचा) नोट-ऑन, म्हणजे ‘पट्टी दाबली’ हा संदेश, पाठवतात. तो दाबलेली नोट म्हणून मोजू नका. कॉर्डच्या (एकत्र वाजवायच्या) नोट्स कधीच अगदी एका क्षणी येत नाहीत, थोडी सवलत ठेवा. मायक्रोफोनवरून दोन्ही हातांच्या नोट्स ओळखण्याच्या भानगडीत सध्या पडूच नका.

खरी डोकेदुखी साहित्याची. एकदा वाजवलेली ओळ दुसऱ्यांदा साइट-रीडिंग उरत नाही, त्यामुळे सतत नवं लागतं. मोह होईल यादृच्छिक नोट्स टाकायचा. टाकू नका. अनुभवी वाचक सुटी नोट वाचत नाही, स्केलचा तुकडा, मोडलेली कॉर्ड, ओळखीचा शेवट असे गठ्ठे वाचतो, आणि यादृच्छिक ओळीत ते नसतातच. आधी स्केल आणि कॉर्डचा क्रम ठरवा, मग त्यावर धून रचा. किंवा कॉपीराइट संपलेल्या रचनांचे चार-आठ बारचे तुकडे घ्या. पायथनमधली म्युझिक२१ ही लायब्ररी ते कापायला आणि दुसऱ्या स्केलमध्ये न्यायला कामाला येते. पातळी मात्र वादक सरावाने जे वाजवू शकतो त्याच्या बरीच खाली ठेवा.

गुण देताना नोट्स आणि लय वेगळे मोजा. मी तर आधी किती वेळा थांबला तेच दाखवेन.

आणि कोड लिहिण्याआधी एखाद्या पियानो शिकणाऱ्या मित्राला बसवा, तो वाजवत असताना चालू बारवर एक पुठ्ठा सरकवत न्या. किती आधी झाकलं की तो कोलमडतो, ते पाहूनच पहिल्या आवृत्तीतले आकडे ठरवा.