आजीला जग संपायला हवंय का?

सोनू,

परवा आजीचा फोन ठेवल्यावर तू जे विचारलंस ते काही माझ्या डोक्यातनं जाईना, म्हणून लिहायला बसलेय. आजी नेहमीप्रमाणे म्हणाली, "प्रभू आला नाही तर पुढच्या रविवारी बोलू", आणि तू माझ्याकडं वळून म्हणालीस, "मम्मी, आजीला जग संपायला हवंय का? मला नकोय." मी काहीतरी बोलून ताटं उचलायला लागले. पण लागलं मला ते. तुझी बाजू घ्यावी का आजीची, तेच कळेना.

प्रभू येशू परत येईल आणि तेव्हा या जगाचा शेवट होईल, असं आपण ख्रिस्ती लोक मानतो, म्हणून हे वाक्य मी कळायला लागल्यापासनं ऐकतेय गं. आमच्या घरात कुणी गावाला निघालं, कुणाचं लग्न ठरलं, अगदी गॅसचा नंबर लावला तरी "प्रभूची इच्छा असली नि तो त्याआधी आला नाही तर" हे लागायचंच पुढं. शेजारच्या काकूंच्या तोंडी अंबाबाई असायची, आमच्या तोंडी हे. त्यात घाबरण्यासारखं काही आहे असं मोठ्या माणसांच्या बोलण्यावरनं कधी वाटलं नाही.

वाट बघणं म्हणजे काय ते आमच्याकडं शनिवारी संध्याकाळी दिसायचं. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर नि प्याला घ्यायचा विधी, असलं की आजोबा खिशातली छोटी वही काढून बसायचे, किराणा दुकानाची उधारी, दूधवाल्याचे पैसे, कुणाकडनं आणलेली शिडी, कुणाची वाटी, सगळं त्या रात्रीत पोचतं करायचं. आम्ही पोरं धावत सुटायचो. आणि कुणाशी बोलणं बंद असलं तर आधी जाऊन बोलून यायचं, मगच भाकर आणि प्याला. एकदा आजीचं आणि थोरल्या आत्याचं शिलाई मशिनवरनं वाजलं होतं, चांगलं महिनाभर तोंड बघत नव्हत्या एकमेकींचं, तर भर पावसात छत्री घेऊन आजी कोल्हापुरातच राजारामपुरीत आत्याच्या दारात गेली. काय बोलली कुणास ठाऊक, येताना आत्याच्या घरची सोलकढी घेऊन आली एवढं आठवतंय. आजोबांच्या लेखी तयारी म्हणजे हीच. प्रभू आज रात्री आला तर कुणाचं देणं आणि कुणावरचा राग घेऊन त्याच्यापुढं उभं राहायला नको. दहा कुमारींची गोष्ट तुला चर्चच्या शब्बाथशाळेत सांगितली असेल, रात्री नवरदेवाची वाट बघणाऱ्या, दिव्यात तेल असलेल्या पाच आणि नसलेल्या पाच. आजोबा ती वाचायचे तेव्हा मला ते तेल म्हणजे ती वहीच वाटायची.

आणि हीच आजी, जी आज रात्रीचासुद्धा भरवसा धरत नाही, ती दर उन्हाळ्यात वर्षाची चटणी करते! ब्याडगी किती, संकेश्वरी किती, मिरच्यांची देठं काढायला सगळी गल्ली अंगणात, कांदा वाळवायचा, खोबरं तीळ धणे भाजायचे, मग डंकावर जाऊन रांगेत बसून कुटून आणायचं. घरभर ठसका. आणि ती बरणी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरली पाहिजे. मी लहानपणी विचारलं होतं तिला, प्रभू आला तर एवढ्या चटणीचं काय, तर म्हणाली, "तो आला तर आला, नाही आला तर तू जेवणार कशाशी?" मला वाटतं हे मला कुठल्याच उपदेशात इतकं नीट कळलं नाही. येशूचा प्रेषित पौल, त्याच्या वेळी थेस्सलनीका शहरात प्रभूची वाट बघत काही जण कामधंदा सोडून बसले होते, त्यांना त्याने स्पष्ट लिहिलं, जो काम करणार नाही त्याने खाऊही नये. इथं अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या उपदेशकाच्या लोकांनी प्रभू येणार म्हणून 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख धरली होती, काहींनी शेतातलं पीकसुद्धा काढलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला. येशू स्वतः म्हणतो, तो दिवस नि ती घटका कुणाला ठाऊक नाही, पुत्रालाही नाही. तरी माणसं आकडे मांडत बसतात. आजीने कधी मांडले नाहीत.

पण तुझ्यापासनं लपवत नाही, मला भीती वाटायची. एक पाहुणे उपदेशक आले होते, त्यांनी आम्हा पोरांना समोर बसवून सांगितलं, दोघी जात्यावर दळत असतील, एक घेतली जाईल नि एक मागं राहील, आणि मागं राहील तिचं काय काय होईल ते बोटं मोजून सांगितलं. मुलांना असं सांगू नये, हे मी आजही ठामपणे म्हणते. त्यानंतर पावसाळ्यात एकदा दुपारची झोपून उठले तर घरात कुणी नाही. चुलीवर आधण तसंच, आजीचा चष्मा तिथंच, दार उघडं, गल्लीत चिटपाखरू नाही. मला वाटलं सगळ्यांना नेलं आणि मी राहिले. उंबऱ्यावर बसून मी किती वेळ रडत होते माहीत नाही. सगळेजण पंचगंगेचं पाणी बघायला गेले होते, राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी आली की कोल्हापुरात घरात कोण थांबतंय! परत आल्यावर आजी म्हणाली, "रडतीस कशाला, झोपली होतीस म्हणून उठवली नाही." मी कारण सांगितलं नाही कुणालाच. म्हणून तू जेव्हा "मला नकोय" म्हणालीस तेव्हा मला तो उंबरा आठवला, आणि आजीवर थोडा रागही आला, आणि मग रागाचा राग आला.

आणखी एक सांगायचं राहिलं. आमचं चर्च वायल्डर मेमोरियल. ते मिशनरी वायल्डरसाहेब अमेरिकेतनं 1852 ला कोल्हापुरात आले आणि त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये कोल्हापुरातच जन्मला. तो पुढं प्रिन्स्टनला शिकला, गेल्या वर्षी आपण जिथं झाडं बघायला गेलो होतो तिथंच. म्हणजे आपण आलो त्याच्या कितीतरी आधी एक कोल्हापूरचं पोर न्यू जर्सीत येऊन गेलं, मला याचं फार अप्रूप वाटतं. 1886 मध्ये त्याने आणि त्याच्यासारख्या कॉलेजच्या पोरांनी परदेशी मिशनला जायचं ठरवून सह्या केल्या, त्यातनं मोठी चळवळ झाली, त्यांची घोषणाच होती की याच पिढीत सगळ्या जगाला सुवार्ता सांगायची. सुवार्ता सगळ्या राष्ट्रांत पोचली की मग शेवट येईल, हे बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वचन त्यांच्यातल्या कित्येकांच्या मनात होतं. रॉबर्ट 1938 मध्ये वारला, ती पिढी गेली, शेवट काही आला नाही. पण हजारो पोरं घरदार सोडून लांब लांब गेली ती गेलीच. मी जन्मले ते मिरजेचं वानलेस हॉस्पिटल त्याच काळातलं, 1894 चं. त्यांना जी घाई होती ती मला पूर्ण पटत नाही, आमच्या लोकांचं काय चांगलं काय वाईट ते त्या घाईत त्यांना नीट दिसलं का, असं पण वाटतं. पण त्या हॉस्पिटलात जन्मून मी त्यांना नावं ठेवू शकत नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा तू लहान होतीस. शिरोलीजवळ हायवेवर पाणी, कोल्हापूर तुटलेलं, व्हॉट्सअॅपवर नुसते फोटो आणि त्याखाली आपलीच काही माणसं लिहीत होती की शेवटचे दिवस आले. मी इथं रात्रभर जागी. कसाबसा फोन लागला तर आजी म्हणाली, "भाकऱ्या थापायला बसलोय गं, पाण्यातनं आलेली माणसं आहेत, नंतर बोल." आणि ठेवला फोन.

तर, तिला जग संपायला हवंय का? मी तिला विचारलं नाही, पण मला वाटतं नाही. आजोबांना पुरलं त्या दिवशी पाळकसाहेबांनी वाचलं की प्रभू येईल तेव्हा ख्रिस्तात मेलेले आधी उठतील, आणि आजी, जी तोवर रडत होती, ती थांबली नि हळूच म्हणाली, "आमेन." तिला आजोबा भेटायचेत. प्रभूबरोबर ते येणार आहेत असं ती धरून चालते, मामा लंडनहून नाताळला येणार आहे हे धरून चालते तसं. जगाचं काय होईल याचा ती फार विचार करत नसावी.

माझं विचारशील तर मला रोज तसं वाटत नाही. नाताळाआधीच्या आगमनाच्या रविवारी मेणबत्ती लावताना वाटतं, सोमवारी ट्रेनमध्ये वाटत नाही. मलाही तू मोठी झालेली बघायचीय, तेवढा वेळ मिळावा असं मी मागते, आणि ते मागणं चुकीचं आहे असं मला वाटत नाही. तू आमच्यासारखंच मानलं पाहिजेस असं मी म्हणत नाहीये. शनिवारी कुणाशी भांडण असलं तर मिटवून टाक एवढं मात्र म्हणेन, ते मी आजोबांच्या वतीने म्हणतेय.

आणि या सगळ्याची कधी रात्री भीती वाटली तर तेव्हाच येऊन मला उठव, सकाळपर्यंत थांबू नकोस. मी तेव्हा कुणाला बोलले नव्हते.

तुझी मम्मी