यंत्रमागाचे शाफ्ट, पिनियन, टॅपेट टिकत नाहीत: सगळं ईएन 24 मध्ये करून घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे 30 साधे माग आहेत. बॉटम शाफ्ट (टॅपेट फिरवणारा खालचा शाफ्ट) सहाएक महिन्यांनी की-वेपाशी, म्हणजे चावीच्या खाचेपाशी तुटतो, क्रँकशाफ्टवरच्या पिनियनचे (छोट्या गिअरचे) दात झिजतात आणि पिकिंग टॅपेटचं (धोट्याला ठोका देणाऱ्या कॅमचं) नोज, म्हणजे टोक, सहा महिनेसुद्धा पुरत नाही. लेथवाला म्हणतो, सगळं ईएन 24 या महाग, जास्त ताकदीच्या स्टीलमध्ये करू.

करू नका. हे तीन भाग तीन वेगळ्या कारणांनी जातात. शाफ्ट थकून तुटतो, दात घासून जातात, नोज मार खाऊन जातं. तिन्हींना एकच स्टील म्हणजे पैसे जास्त आणि दुखणं तिथंच.

आधी शाफ्ट, कारण खरी चूक तिथंच दिसते. माग मिनिटाला 120 पिकांवर (पिक म्हणजे धोट्याची एक फेक) चालत असेल तर बॉटम शाफ्ट त्याच्या निम्म्याने, म्हणजे 60 फेरे मारतो, आणि प्रत्येक फेऱ्याला त्या बाजूचा टॅपेट एकदा ठोकतो. दिवसाचे 20 तास धरले तर 72 हजार ठोके. महिन्याचे 25 दिवस, सहा महिने: 1 कोटी 8 लाख. आता हे लक्षात घ्या की स्टील थकून तुटायचं असेल तर साधारणपणे 10 लाख ते 1 कोटी चक्रांच्या आत तुटतं. तिथवर टिकलेलं पुढे सहसा टिकतं. तुमचा शाफ्ट सहा महिने काढून तुटतोय, याचा अर्थ त्याच्यावरचा ताण मर्यादेच्या जरासाच वर आहे. तो थोडा खाली आणला की काम होतं. त्यासाठी महाग स्टील लागत नाही, कोपरा नीट लागतो.

खात्री करून घ्या. तुटलेला तुकडा रॉकेलने धुवा, वायर ब्रश लावू नका, आणि उन्हात तिरका धरून तोंड बघा. एका काठापासून शिंपल्यासारख्या रेषा पसरलेल्या, गुळगुळीत भाग मोठा आणि शेवटी थोडासाच खडबडीत भाग दिसला, तर तो थकून तुटला आणि रेषा जिथून निघाल्या तो कोपरा गुन्हेगार. भेग 45 अंशात तिरकी फिरत गेली असेल तर पिळाने, सरळ आडवी असेल तर वाकण्याने. उलट जवळजवळ सगळं तोंड खडबडीत असेल तर एका झटक्यात तुटला: धोटा पेटीत पोचला नाही आणि मागाने बँग-ऑफ खाल्ला, म्हणजे तो धाडकन थांबला. त्याचा इलाज लेथवर नाही, मागाची जुळणी बघणाऱ्या जॉबरकडे आहे.

थकवा असेल तर असं करा. माल ईएन 8 (मध्यम कार्बनचं साधं स्टील), नॉर्मलाइज केलेला (तापवून हवेत थंड केलेला), काळा (गरम लाटलेला) बार. ब्राइट बार घेऊ नका. थंड ओढलेल्या बारच्या कातडीत ताण अडकलेला असतो आणि एका बाजूने की-वे कापली की शाफ्ट केळ्यासारखा वाकतो. 40 मिमी शाफ्टला चावी 12 बाय 8, की-वेची खोली 5 मिमी, आणि तळाच्या कोपऱ्याला 0.25 ते 0.4 मिमी गोलाई ठेवा. बहुतेक ठिकाणी कटर काटकोनी धार सोडून जातो, तिथंच भेग जन्मते. जमेल तिथे एंडमिलऐवजी चकती कटरने की-वे काढा. ती टोकाला हळूहळू वर येते, एकदम थांबत नाही. की-वेचं टोक आणि टॅपेटच्या हबची (शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या भागाची) कड एकाच जागी येऊ देऊ नका, दोन्ही ताण एकमेकांवर चढतात. जिथे व्यास बदलतो तिथे 2 ते 3 मिमीची गोलाई द्या आणि तिथले टूलचे ओरखडे पॉलिश पेपरने काढा. त्या खांद्याला 6208 बेअरिंग टेकणार असेल तर तिथे 1 मिमीपेक्षा मोठी गोलाई चालत नाही. मग मोठी गोलाई ठेवून मध्ये आतून चँफर केलेली रिंग घाला.

चावी ढिली असेल तर वरचं सगळं वाया. हबखालून तांबूस पूड निघत असेल तर हब शाफ्टवर हलतोय. मापाची सूट हब एच 7, शाफ्ट के 6, म्हणजे हलक्या ठोक्याने बसेल इतकं.

मग ईएन 24 का नको? एक, ते कडक केलेल्या अवस्थेत घेतलं नाही तर त्याचं बळ मिळतच नाही. दोन, कोपरा तसाच ठेवला तर जास्त ताकदीचं स्टील त्या कोपऱ्याला जास्त घाबरतं. तीन, ते कमी वाकेल असं वाटत असेल तर ते खरं नाही. ईएन 8 असो की ईएन 24, दोन्हींची लवचीकता जवळपास सारखीच, 200 ते 210 गिगापास्कल. वाक कमी करायचा तर व्यास वाढवा: 40 चा 45 केला की शाफ्ट 1.6 पट ताठ होतो. बारचं वजन आधी काढून ठेवा, व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे मीटरला किलो. 50 मिमीचा काळा बार 15.4 किलो भरतो.

पिनियनचे दात बॉटम गिअरच्या दुप्पट वेळा कामाला येतात, म्हणून पिनियन कडक हवं, गिअर त्याहून मऊ. पिनियन ईएन 353 (कातडी कडक करायचं स्टील), कार्बुरायझिंग करून (कातडीत कार्बन मुरवून) 58 ते 62 एचआरसी (कडकपणाचं माप), गिअर एसजी आयर्न (चिवट बीड) 500/7. मोड्यूल (दाताच्या आकाराचं माप) 4 असेल तर 0.6 ते 0.8 मिमी खोल कडक थर पुरतो. इथे नेहमीची चूक अशी की हीट ट्रीटमेंटनंतर दात वेडेवाकडे दिसले म्हणून ग्राइंडिंगवाला अर्धा थर उडवून टाकतो. दोनचारच नग हवे असतील तर एवढं करू नका: ईएन 8 ला आधी पाणी देऊन 25 ते 30 एचआरसीवर आणा, मग हॉबिंग करा, म्हणजे दात कापा, पुढे काही करायचं नाही. आयुष्य कमी मिळेल, पण दात अचूक मिळतील. आणि गिअरवर झाकण बसवा. टॉवेलच्या मागावर तूस उडतं ते दातांच्या बुडात भरतं, तेल पिऊन घेतं आणि दात कोरडे फिरतात.

नोजसाठी लोक ईएन 31 घेतात, कारण ते आरपार कडक होतं. घासायला उत्तम, पण ठोका बसला की धारेवरून कपची उडते. इथेही ईएन 353 चांगलं: कातडी कडक, पोट चिवट. पिकिंग बाऊल (नोज ज्यावर आपटतं तो रोलर) नोजपेक्षा चारपाच एचआरसीने मऊ ठेवा, म्हणजे झिजायचं ते बाऊल झिजेल, जे बदलायला सोपं आहे. नव्या नोजवरून 3 मिमी पत्र्याचं टेम्प्लेट कापून ठेवा आणि प्रत्येक नग त्याला लावून बघा. वळण थोडं बदललं तरी धोट्याला झटका बसतो आणि तो झटका परत शाफ्टवरच येतो. टॅपेट बिडाचा असेल तर झिजलेल्या जागी वेल्डिंगने भर घालू नका, वेल्डच्या कडेने तो तडकतो.

टॅपेटचं अंग एसजी आयर्नमध्ये ओतून घ्या. 30 मागांचे 60 टॅपेट, एवढ्या नगांना सागवानी पॅटर्नचा (साच्यासाठीच्या लाकडी नमुन्याचा) खर्च निघतो, आणि कोल्हापूरला फाउंड्र्या आहेत. मात्र जुना टॅपेटच पॅटर्न म्हणून पाठवू नका. बीड थंड होताना साधारण 1 टक्का आकसतं. 300 मिमीचा तुकडा 297 होऊन येतो, शिवाय जुन्याची झीज त्यात आलेलीच असते. पॅटर्न 303 चा हवा आणि जिथे मशिनिंग होणार तिथे वर 2 ते 3 मिमी माल हवा. जाड हबला पातळ हात एकदम जोडला की आत पोकळी राहते, तीही बोअर काढताना शेवटच्या कटला दिसते. हबपासून हातापर्यंत जाडी उतरती ठेवा.

फोर्जिंगचा विचार इथे सोडून द्या, डायचा खर्च हजारो नगांशिवाय निघत नाही. मागाच्या बाजूच्या फ्रेमचं बीड बदलून वेल्ड केलेला पत्रा लावायचाही मोह नको, बीड कंप पितं. बुश नायलॉनचा करणार असाल तर गॅप मोठी ठेवा: 60 मिमी नायलॉन 30 अंश तापला की 0.15 मिमी वाढतो, स्टील 0.02 च. ओल शोषून फुगतो ते वेगळंच. जानेवारीत छान फिरणारा बुश मे महिन्यात शेडमध्ये शाफ्ट धरून बसतो.

कार्बुरायझिंग केलेला नग हातात आल्यावर कानस लावून बघा. 58 एचआरसीच्या वरच्या दातावर कानस सरकते, पकडत नाही. पकडली तर तिथेच परत करा. मालाचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, आणि शंका असेल तर बारचा काप स्पेक्ट्रोला (स्टीलमधले घटक तपासायला) द्या.

पहिले दोन शाफ्ट वरच्याप्रमाणे करून दोनच मागांवर टाका. तुटलेल्या जुन्या शाफ्टचं तोंड तेल लावून जपून ठेवलं असेल तर शेजारी पट्टी ठेवून दोन्ही तुकड्यांचा फोटो टाका. भेग कुठून निघाली ते बघून गोलाई किती हवी ते सांगतो.