दिवसाउजेडी वॉलाय

भाचेबुवा, अनेक आशीर्वाद.

ऑक्टोबरच्या थंडीत रात्री अकरापर्यंत तळ्यावर कुडकुडत उभं राहायलाच हवं का, असं विचारलंस. अजिबात नको. मिनेसोटात जो भेटेल तो तुला सांगेल, वॉलाय हा तळ्यातला शिकारी मासा संध्याकाळनंतरचा. खोल, नितळ तळ्यांपुरतं ते खरंही आहे. त्याच्या डोळ्यात मागे उजेड परतवणारा थर असतो, मांजराच्या डोळ्यात असतो तसा. त्यामुळे अंधुक पाण्यात त्याला त्याचं खाणं असलेल्या पर्च माशाच्या पिल्लांपेक्षा कितीतरी चांगलं दिसतं, आणि तीच त्याची जेवणाची वेळ. पण पाणी अंधुक व्हायला सूर्यच मावळावा लागतो असं थोडंच आहे? उथळ तळ्यात ते काम भर दुपारी वारा करतो.

रत्नागिरीला तू भरती-ओहोटी बघून गळ घेऊन निघायचास ना? इथे भरतीच्या जागी वारा धर. घड्याळ नंतर.

शेटेकसारखं तळं घे. दहा फुटांपलीकडे खोली नाही, त्यामुळे वारा सुटला की तळापर्यंत घुसळतं. लाटांनी उजेड विस्कटतो, काठाची माती उठते. त्यात ऑक्टोबरचा सूर्य तिरका, उन्हाळ्यापेक्षा थोडा जास्त उजेड पाण्यावरूनच परत फिरतो. खोल तळ्यांत फॉलमध्ये, म्हणजे पानगळीत, वरचं पाणी थंड होऊन खाली जातं, सगळं तळं ढवळून निघतं आणि काही दिवस मासा कुठे गेला तेच कळत नाही. उथळ तळी उन्हाळाभर ढवळलेलीच असतात, तिथे ही भानगड नाही.

अपर रेड तळ्याचं तर पाणी मुळातच तपकिरी, आजूबाजूच्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या पालापाचोळ्याच्या दलदलींमुळे. तिथे दुपारी मासा लागतो याचं कुणाला नवल वाटत नाही. फक्त एक भान ठेव: पूर्वेकडचाच भाग सगळ्यांना खुला आहे, पलीकडचं पाणी रेड लेक नेशन या मूळनिवासी जमातीचं. जीपीएसवर हद्द बघितल्याशिवाय होडी हाकू नकोस. बेसुमार उपशाने तिथला वॉलाय इतका रोडावला होता की १९९९ मध्ये त्याची मासेमारीच बंद केली, ती २००६ मध्ये पुन्हा सुरू झाली. मिल लॅक्सचं नेमकं उलटं. ते पसरट तळं, जास्तीत जास्त खोली बेचाळीसेक फूट. पण २००५ मध्ये तिथे झेब्रा शिंपले सापडले, ते पाणी गाळून घेतात, आणि पुढे पाणी नितळ होत गेलं. तिथे दिवसा जायचं तर लाटांना पांढरा फेस हवा, नाहीतर पेट्रोल वाया.

आता जागा. दक्षिणेचा वारा दोन दिवस सलग वाहिला तर उत्तरेचा काठ गाठ. लाटा तोंडावर झेलत उभं राहायचं अवघड वाटतं, म्हणून लोक आडोशाला जातात आणि रिकाम्या हाताने परततात. पाण्यात शिरलेलं टोक, गोट्यांचा उंचवटा, ओढा मिळतो ती जागा, पुलाखालचा प्रवाह, एवढंच शोध. तुझ्याकडे होडी नाही म्हणून हिरमुसू नकोस. फॉलमध्ये चार-पाच फूट पाण्यात वॉलाय येतो, तो काठावरून आवाक्यात असतो. पाणगवत असेल तर अजून हिरवं राहिलेलं बघ. तपकिरी पडून सडायला लागलेल्यात वेळ घालवू नकोस.

जिग, म्हणजे वजनदार डोक्याचा गळ, पाव औंसापेक्षा जड नको. वारा कमी असेल तर एक अष्टमांश भरपूर. गढूळ पाण्यात पोपटी किंवा सोनेरी. मिनो, म्हणजे आमिषाचा बारका मासा, लावताना गळ तोंडातून घालून कल्ल्यातून बाहेर काढ, मग मिनो वळवून गळाचं टोक पाठीत अडकव. नुसता ओठात अडकवलास तर वाऱ्यात दोन-तीन फेकीतच तो सुटून जातो. जिग तळाला टेकू दे, रॉडचं टोक हातभर उचल, ताणलेल्या दोरीवर परत सोड. वॉलाय ओढत नाही, खाली जाताना बारीकसा टक् होतो, किंवा नुसतंच जड लागतं. तेव्हा घाईने झटका मारू नकोस. टोक जरा पुढे दे, मग उचल. मिनेसोटात उघड्या पाण्यात, म्हणजे बर्फ नसताना, बहुतेक ठिकाणी माणशी एकच दोरी चालते, त्यामुळे दुसरा रॉड फांदीला टेकवून ठेवायची तुझी कोकणातली सवय इथे सोड. होडी मिळालीच तर मोटर लांबच बंद कर; पाच फूट पाण्यात डब्याचं झाकण आपटलं तरी मासे पांगतात.

सप्टेंबरात सकाळही चालते. ऑक्टोबर संपत आला की मी एक ते चारच निवडतो. उथळ पाणी तेवढ्यात थोडं तापतं, बारके मासे काठाला येतात, त्यांच्या मागे हा. सगळ्यात वाईट दिवस म्हणजे थंडीची लाट येऊन गेल्यानंतरचा, आभाळ निळंशार, पान हलत नाही असा. फोटो छान येतात. त्या दिवशी अभ्यास कर.

वेडर्स, म्हणजे छातीपर्यंतची रबरी विजार, घालून पाण्यात उतरलास तर कंबरेला पट्टा घट्ट, वर लाइफ जॅकेट, आणि एकटा उतरू नकोस. पन्नास फॅरेनहाइटच्या पाण्यात पडलं की पहिल्यांदा श्वासच हातातून जातो, पोहता येणं नंतरची गोष्ट.

लायसन्स आधी काढ. किती मासे ठेवता येतात, कुठल्या लांबीचे, हे तळ्यागणिक बदलतं. डीएनआरच्या, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संपत्ती खात्याच्या, साइटवर त्या तळ्याचं नाव घालून बघ. मोठी मादी लागली तर पाण्यात सोडून दे. पंधरा-सोळा इंची मासा खायला बेस. त्याच्या तुकड्या मामीला दे, रवा-तिखट लावून तळेल, आगळ घरात आहे.

शनिवारी दक्षिणेचा वारा ताशी पंधरा मैलांचा दाखवतायत. टिकला तर अकराला तुला घ्यायला येतो. मिनो मी आणीन, तू हातमोजे विसरू नकोस.

तुझा,
मामा