‘हाउंड डॉग’ एल्व्हिसचं की बिग मामाचं?

तुम्ही विचारलंय की एल्व्हिस प्रेस्लीचं ‘हाउंड डॉग’ मुळात त्याचं नव्हतंच, हे खरं का? आणि त्या काळातलं रॉक अँड रोल ऐकायचं तर सुरुवात कुठून करावी?

हो, खरं आहे. ते आधी गायलं विली मे थॉर्न्टननं, जिला सगळे ‘बिग मामा’ म्हणत. १३ ऑगस्ट १९५२ ला लॉस एंजेलिसमध्ये ते मुद्रित झालं आणि १९५३ मध्ये त्याची रेकॉर्ड बाजारात आली. तुमची सुरुवातही तिथूनच करा. मी उलट्या वाटेनं आलो. कॉलेजात असताना मित्राच्या कॅसेटवर एल्व्हिस ऐकला, तेव्हापासून हे गाणं तोंडपाठ होतं. बिग मामा कितीतरी वर्षांनी कानावर पडली आणि लक्षात आलं, पाठ होते ते नुसते शब्द. गाणं आपल्याला कळलंच नव्हतं.

मूळ गाण्यातला कुत्रा म्हणजे कुत्रा नाहीच. तो एक ऐतखाऊ पुरुष आहे. बाईच्या जिवावर बसून खाणारा, वर प्रेमाचं नाटक करणारा. बिग मामा त्याला दारातून हाकलते आहे. तिच्या खर्जात राग आहे आणि हसूही आहे. मागे गिटार तिला प्रत्येक ओळीला उत्तर देतं आणि शेवटी सगळे वादक मिळून कुत्र्यासारखे भुंकतात. गाणं लिहिणारे जेरी लायबर आणि माइक स्टोलर तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. लायबर सांगायचा की तिनं आधी ते संथ प्रेमगीतासारखं घोळवून म्हटलं, मग त्यानं स्वतः गाऊन दाखवलं तेव्हा ती गुरगुरली. ताल वाजवायला बँडचा प्रमुख जॉनी ओटिस स्वतः ड्रमवर बसला होता.

अमेरिकेत तेव्हा कृष्णवर्णीयांच्या संगीताची लोकप्रियतेची वेगळी यादी असायची. तिच्यात ही रेकॉर्ड सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. बिग मामाच्या सांगण्यानुसार तिला मिळाला पाचशे डॉलरचा एकच चेक. हे मला आजही सहन होत नाही.

एल्व्हिसनं मात्र हे गाणं तिच्याकडून उचललं नाही. १९५६ मध्ये लास वेगासला फ्रेडी बेलचा बँड ते विनोदी ढंगात वाजवायचा. बेलनं शब्द बदलून टाकले होते आणि गाण्यात खरोखरचा कुत्रा आणि ससा आणला होता. एल्व्हिसला ते आवडलं. २ जुलै १९५६ ला न्यूयॉर्कमध्ये एकतीस टेक घेऊन त्यानं ते मुद्रित केलं. त्याचा ड्रमवाला डी. जे. फोंटाना याचे ते तडतडते तुकडे मला अजूनही उठून उभं करतात. पण घरातून हाकलून देणारी बाई त्या गाण्यातून गेली, आणि तिच्याबरोबर गाण्याचा अर्थही गेला. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला ‘डोन्ट बी क्रूएल’ होतं, तेही त्याच दिवशी मुद्रित केलेलं. ते ओटिस ब्लॅकवेलचं. या गीतकाराचं नाव फार थोड्यांना ठाऊक असतं.

त्यानंतर लिटल रिचर्डचं ‘टुटी फ्रुटी’ ऐका. सप्टेंबर १९५५, न्यू ऑर्लिन्स, कोझिमो मटासाचा छोटासा स्टुडिओ. मुद्रण काही केल्या रंगत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत रिचर्ड पियानोवर बसला आणि क्लबात म्हणायचं एक चावट गाणं जोरात सुरू केलं. निर्माता बम्प्स ब्लॅकवेलचे कान टवकारले. डोरोथी लाबॉस्ट्रीकडून घाईघाईत सोवळे शब्द लिहून घेतले आणि काम उरकलं. इथे ड्रमवाल्या अर्ल पामरकडे लक्ष द्या. तोवर बहुतेक वादक झुलता ठेका धरत, एक मात्रा लांब, एक आखूड. रिचर्डचा उजवा हात मात्र पियानोवर आवर्तनातले आठही ठोके सारख्या अंतरानं हाणायचा. त्याला गाठता गाठता आपला ठेका सरळ झाला, असं पामरनंच सांगितलंय. पुढे जगभर रॉकचा ठेका म्हणून जो ओळखला गेला तो हाच. पॅट बूननं तेच गाणं गुळगुळीत करून गायलं आणि सर्वसाधारण यादीत रिचर्डच्याही वर गेला. दोन्ही लागोपाठ लावून बघा, मला वेगळं समजवावं लागणार नाही.

आपल्याकडेही हा आवाज लवकरच पोहोचला होता. पाचगणीच्या शाळेत असताना फारोख बलसारा ‘द हेक्टिक्स’ या मुलांच्या बँडमध्ये पियानोवर एल्व्हिस, लिटल रिचर्ड यांची गाणी वाजवायचा. तोच पुढे ‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी झाला.

चक बेरीचं ‘मेबलीन’ (१९५५) तर ऐकाच. त्याच्या श्रेयनामावलीत रेडिओवर गाणी लावणाऱ्या अ‍ॅलन फ्रीडचं नाव घुसवलं होतं. त्यानं एक ओळही लिहिली नव्हती, तरी ते नाव निघायला १९८६ साल उजाडलं. आणि ‘दॅट्स ऑल राइट’ एल्व्हिसचं ऐकण्याआधी आर्थर क्रूडपचं ऐका, १९४६ चं.

एवढं झालं की परत बिग मामाकडे या. तिनं स्वतः लिहिलेलं ‘बॉल अँड चेन’ लावा. ते जॅनिस जॉप्लिननं १९६७ मध्ये माँटेरीच्या महोत्सवात गायलं आणि गाजलं. पण जॅनिसनं आधी बिग मामाला प्रत्यक्ष ऐकलं होतं, आणि गाणं गायची परवानगी तिच्याकडूनच मागून घेतली होती.